कानाला न पोचलेला हात

माझ्या पुठ्ठ्यावरचं लाल कापड आता विटकरी झालं आहे, पाठीची शिवण उसवली आहे आणि पहिल्या चार पानांना वाळवीनं खिडक्या पाडल्या आहेत. तरी मित्रांनो, मला रद्दी समजू नका. मी एका प्राथमिक शाळेचं जुनं दाखल-खारिज रजिस्टर आहे. शाळेत येणारं प्रत्येक मूल आधी माझ्यात येतं, मग वर्गात जाऊन बसतं. शाळा सोडणारं मूलही माझ्यातूनच बाहेर पडतं.

माझा जन्म १९१७ साली नागपूरच्या एका छापखान्यात झाला. हे वर्ष मी छातीठोक सांगू शकतो, कारण ते माझ्या पहिल्या पानावर छापलेलं आहे. माणसांच्या बाबतीत हे इतकं सोपं नसतं, आणि माझी सगळी गोष्ट त्यावरूनच घडली.

छापखान्यात माझी दोनशे पानं लाल-निळ्या रेघांनी आखली गेली. डावीकडून उजवीकडे रकाने पाडले: अनुक्रमांक, मुलाचं नाव, बापाचं नाव, धंदा, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, खारिज झाल्याची तारीख आणि खारिजेचं कारण. मग मला विणकरांच्या एका मोहल्ल्यातल्या शाळेत पाठवलं. शाळा म्हणजे कवेलूंच्या छपराची एक लांबट खोली, पुढे ओसरी आणि ओसरीला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा. तोच घंटा. खोलीत एका टोकाला बालवर्ग बसे, दुसऱ्या टोकाला चौथी. मध्ये पहिली, दुसरी आणि तिसरी. पाचही वर्ग एकाच वेळी आपापला धडा मोठ्यानं म्हणत, आणि दोन मास्तरांना त्यातून कोण चुकलं ते बरोबर ऐकू येई.

मोठे मास्तर म्हणजे गोपाळराव. मास्तर घडवणाऱ्या नॉर्मल स्कूलात शिकून आलेले, अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला पगडी, आणि अक्षर असं की पाहणाऱ्यानं पाहत राहावं. त्यांनी माझ्यात पहिलं नाव लिहिलं तेव्हा टाक शाईत बुडवला, दौतीच्या काठाला निथळून घेतला आणि श्वास रोखून धरला. त्यांचा एकही डाग माझ्यावर कधी पडला नाही.

माझा रुबाबही काही कमी नव्हता. कपाटात माझ्या शेजारी हजेरीपट राही. त्याचा मला कधी हेवा वाटला नाही, कारण त्याचं आयुष्य एका वर्षाचं. मार्बतीच्या मिरवणुकीला निम्मी शाळा गैरहजर राहिली की त्याचं पान फुल्यांनी भरून जाई आणि तो दिवसभर कुरकुरत बसे. वरच्या फळीवर शेरेबुक होतं. वर्षातून एकदा डिपुटी इन्स्पेक्टर शाळा तपासायला येत आणि त्यात दोन ओळी लिहून जात, तेवढ्यावर ते वर्षभर फुगलेलं असे. मी मात्र जन्माचा आणि कायमचा. मुलगा मोठा होऊन नोकरीला लागो, नाहीतर परगावी जावो, त्याचं वय विचारायला माणसं माझ्याकडेच येत. मी सांगेन ते खरं.

माझ्यात खाडाखोड करायची नाही, असा सक्त नियम होता. चूक झालीच तर चुकीच्या अक्षरांवरून एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. मग लाल शाईनं बरोबर मजकूर लिहायचा, मोठ्या मास्तरांनी सही करायची आणि डिपुटींची सहीही घ्यायची. गोपाळरावांवर ही पाळी कधी आलीच नव्हती. डिपुटींनी माझी पानं चाळून "स्वच्छ रजिस्टर" म्हटलं की गोपाळरावांइतकीच माझीही छाती फुगे.

आता जन्मतारखेची गंमत सांगतो. आमच्या मोहल्ल्यातल्या आईबापांना लेकराची जन्मतारीख विचारली तर ते तारीख सांगत नसत. "पुराच्या साली झाला," "प्लेगात आम्ही झोपड्या टाकून राहिलो तवाची हाय," असं सांगत. रकान्यात पूर लिहिता येत नाही, तिथे आकडेच लागतात. शिवाय सहा वर्षं पुरी झाल्याशिवाय मूल दाखल करायचं नाही, असं वरून आलेलं. मग गोपाळराव एक युक्ती करत. ती त्यांची एकट्याची नव्हती, त्यांच्या मास्तरांनीही तेच केलं होतं. मुलाला ताठ उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला सांगायचा आणि डावा कान धरायला लावायचा. बोटांना कान सापडला तर मूल सहा वर्षांचं. नाही सापडला तर पुढच्या साली या. जो सापडला त्याची तारीख एक जुलै, कारण शाळा जुलैत उघडे. अशा तऱ्हेनं आमचा अख्खा मोहल्ला एक जुलैला जन्मला, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी शाळेत आलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी तापाची मोठी साथ आली. शाळा सात आठवडे बंद होती. उघडली त्या दिवशी गोपाळरावांनी मला पुढे ओढलं आणि खारिजेच्या रकान्यात एकाखाली एक "मयत" लिहायला सुरुवात केली. सत्तावीस वेळा लिहिलं. अक्षर एकदाही हललं नाही, पण लिहून झाल्यावर ते कितीतरी वेळ माझ्यावर तळहात ठेवून बसले. त्या पानाजवळ आलं की आजही मला जड होतं.

पुढे सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आमच्या मोहल्ल्याला लागू झाला. सहा वर्षांचा मुलगा घरी दिसला की हजेरीचा अंमलदार दारात उभा राही. मागावरच्या कांड्या भरायला मुलं लागत, त्यामुळे विणकर त्याला पाहून नाक मुरडत. मुलींना ही सक्ती नव्हती. मुलींची शाळा लांब, नाल्यापलीकडे, म्हणून कोणी हौसेनं पाठवली तर चारदोन मुली आमच्याकडेच बसत.

त्यातलीच एक मनकर्णा.

१९२७ च्या जुलैत तिची आई जयवंता तिला घेऊन आली. जयवंताचा नवरा विश्वनाथ लुगडी विणायचा. मुलगी बारीक, डोळे मोठे, अंगात कोपराखाली येणाऱ्या बाह्यांची चोळी.

"गुरुजी, हे पोरगी शाळेत घ्या," जयवंता म्हणाली. "सहा वर्साच्या वर झाली. काँग्रेसचा मोठा मांडव पडला होता ना नागपुरात, त्याचं दार उघडलं त्या दिवशी हिचं बारसं होतं."

गोपाळराव हसले. नागपुरात काँग्रेसच्या अधिवेशनाचा तो मांडव उभारून सहा-सात वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून निम्म्या आया आपल्या लेकराचा जन्म त्या मांडवाला नेऊन बांधत. त्यांचा त्यावर विश्वास उरला नव्हता. त्यांनी मनकर्णेला कान धरायला सांगितला.

तिनं उजवा हात वर नेला. तो डोक्यावर गेला आणि तिथेच थांबला. बोटं कानापासून दोन बोटं दूर राहिली.

"नाही पोचत. पुढच्या साली आण."

जयवंतानं तोंड उघडलं, मुलीच्या बाहीकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. दोघी परत गेल्या.

पुढच्या जुलैत त्या पुन्हा आल्या. मुलगी उंच झाली होती, पण हात पुन्हा तिथेच थांबला. तेव्हा ती हळूच म्हणाली, "गुरुजी, डाव्या हातानं धरू का?"

"उजव्याच हातानं धरायचा असतो," गोपाळराव म्हणाले. ते रागावले नव्हते. नियम सांगत होते. मग तिचे मोठे डोळे पाहून त्यांना दया आली. दोन बोटांचं अंतर त्यांनी मनातल्या मनात सोडून दिलं आणि माझ्यात लिहिलं: अनुक्रमांक ४१२, मनकर्णा, बाप विश्वनाथ, धंदा विणकाम, जन्मतारीख १ जुलै १९२२. आपण मुलीवर उपकार केला असंच त्यांना वाटलं, आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. डावा हात चालेल का, हा तिचा प्रश्न मी ऐकला होता. प्रश्नाला माझ्यात रकाना नाही, म्हणून मी तो सोडून दिला.

मनकर्णा शिकली मात्र झपाट्यानं. बालवर्गात चिंचोके मोजून झाले, पहिलीत पाटी, दुसरीत पाढे, तिसरीत नकाशा. पाणी पिताना ती भांडं तोंडाशी नेण्याऐवजी तोंड भांड्याशी नेई. गोपाळरावांना ती लकब वाटली. कवायतीला ती मागच्या ओळीत उभी राही. त्यांना तो लाजाळूपणा वाटला. चौथीच्या सर्टिफिकिटाच्या परीक्षेत आमच्या शाळेतून ती पहिली आली आणि १९३३ साली माझ्यातून बाहेर पडली. खारिजेचं कारण: चौथी पास. मित्रांनो, त्या रकान्यात "कामास लागला" आणि "गाव सोडले" इतक्या वेळा लिहिलेलं आहे की "चौथी पास" आलं की माझं पान सणासारखं वाटे.

तिथून ती नाल्यापलीकडच्या मुलींच्या मिडल स्कूलात गेली आणि सातवीही पास झाली. तिच्या तिथल्या दाखल्यावर जन्मतारीख कोणती असणार? माझीच. पाचवीनं माझ्यावरून उतरवली, सातवीनं पाचवीवरून. मूळ ठिकाणी एकदा लिहिलं की ते पुढे आपोआप चालत जातं, कोणी वाटेत थांबवून विचारत नाही.

१९३७ च्या एप्रिलात, सकाळची शाळा सुटल्यावर, एक उंच मुलगी ओसरीवर येऊन उभी राहिली. गोपाळरावांनी आधी ओळखलंच नाही. मग "अगं, मनकर्णा!" म्हणून खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. त्या महिन्याअखेर गोपाळराव निवृत्त होणार होते. माझी उरलेली कोरी पानं मोजून ते नव्या मास्तरांसाठी कपाट लावत होते.

"गुरुजी, मले मास्तरीण व्हायचं हाय," ती म्हणाली. "मास्तरणींच्या नॉर्मल स्कूलात अर्ज करून राहिली. पण एक जुलैले सोळा वर्सं पुरे पायजेत. तुमच्या रजिस्टरात मी पंधराची हाय."

"मग पुढच्या साली कर. त्यात काय बिघडतं?"

"पुढचं साल नाई भेटत, गुरुजी. बाबा म्हणते, या साली जागा भेटली तं शीक, नाई भेटली तं कन्हानचं स्थळ पक्कं. थो माणूस बिजवर हाय. त्याचा पोरगा माह्याएवढा हाय."

गोपाळरावांनी मला उघडलं. ४१२ ही ओळ काढली आणि तिच्याकडे फिरवली. "हे बघ. स्वच्छ लिहिलं आहे. मी वीस वर्षांत या रजिस्टरात एक अक्षर खोडलेलं नाही. आता जाता जाता खोडू? आणि तुझं बदललं तर उद्या सगळा मोहल्ला दारात उभा राहील. रजिस्टरात आहे तेच खरं, मनकर्णा."

हे ऐकून मला काय वाटलं ते लपवत नाही. मला बरं वाटलं. माझ्या स्वच्छ पानांची मला फार ऐट होती.

 मनकर्णा खोलीच्या मधोमध गेली, जिथे मुलांना उभं करत तिथेच ताठ उभी राहिली आणि उजवा हात डोक्यावरून नेला. लुगड्याचा पदर खाली घसरला. कोपर पुरतं वाकतच नव्हतं. हात डोक्यावर जाऊन थांबला, आणि सोळा वर्षांच्या त्या मुलीची बोटं कानापासून तितकीच दूर राहिली.

"गुरुजी," ती म्हणाली, "आजबी माहा हात कानाले पुरत नाई. मंग मी अजून सहा वर्साची नाई झाली का?"

गोपाळराव उठले. जवळ जाऊन त्यांनी तिच्या कोपरावर हलकेच बोट ठेवलं. हाड जिथे असायला हवं तिथे नव्हतं.

"हे कधी झालं?"

"पाच वर्साची होती तवा. मागाच्या खड्ड्यात पडली. हाड बसवणाऱ्यानं उलटं बसवलं. माय म्हणे, कोणाले सांगू नको, पोरीच्या जातीचं हाय, लग्नाले आडवं येईन."

"म्हणजे तू जेव्हा डावा हात..."

"हो गुरुजी."

 गोपाळराव खुर्चीत बसले, मला मिटलं आणि माझ्या लाल कापडावरून हात फिरवत राहिले. पाच वर्षं ही मुलगी त्यांच्यासमोर पाणी पीत होती आणि त्यांनी नीट पाहिलं नव्हतं. हे त्यांनी नंतर मदतनीस मास्तरांपाशी बोलून दाखवलं. मी मात्र तेव्हाच, त्या हाताखाली, लाजेनं मेल्यासारखा झालो होतो. वीस वर्षं मी खरं बोलतो म्हणून मिरवत होतो, आणि माझ्यातली एक ओळ एका मुलीला कन्हानला धाडायला निघाली होती.

पुढच्याच आठवड्यात डिपुटी इन्स्पेक्टर वार्षिक परीक्षा घ्यायला येणार होते. गोपाळरावांनी मनकर्णेला सांगितलं, "त्या दिवशी आईला घेऊन ये. वडिलांनाही आण. तिघंही हवेत."

डिपुटी ओमप्रकाशजी जबलपुराकडचे, मराठीत हिंदी मिसळून बोलणारे, स्वभावानं शिस्तीचे पण कान उघडे ठेवणारे गृहस्थ होते. परीक्षा संपल्यावर गोपाळरावांनी मला त्यांच्यापुढे ठेवलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. आपण कानावरून वय ठरवलं, मुलीचा हात अधू होता, तिनं विचारूनही आपण ऐकलं नाही.

"मास्टरजी, हे सगळं ठीक," ओमप्रकाशजी म्हणाले, "पण सबूत काय? आईचं म्हणणं आहे की ती मांडवाच्या साली झाली. ते तर सगळेच सांगतात."

जयवंता दाराशी डोक्यावरून पदर घेऊन उभी होती. ती पुढे आली आणि आधी मुलीची बाही वर सरकवली. इतकी वर्षं जे झाकलं ते तिनं परक्या माणसांपुढे उघडं केलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"म्या लपवलं, साहेब. गुरुजीचा काई दोष नाई. म्या सांगतलं असतं तं गुरुजीनं हात पाहिला असता. पण मांडवाचं खोटं नाई सांगत. हिचं बारसं होतं, पाळणा बांधला होता, बाया जमल्या होत्या. अन् हा माणूस," तिनं नवऱ्याकडे बोट केलं, "पोरीचं बारसं सोडून मांडव पाहाले गेला. तिनीसांजले आला. मी अजून नाई विसरली."

ओमप्रकाशजी विश्वनाथाकडे वळले. "गेला होतात?"

 विश्वनाथ खाली पाहत होता. तो नुसतं "आठवत नाही" म्हणाला असता तरी पुरे होतं. माझी ओळ तशीच राहिली असती आणि कन्हानचं स्थळ पक्कं झालं असतं. मनकर्णा बापाकडे पाहत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी मिटलेला नव्हतो, ४१२ वर उघडा होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं की माझ्यावर कोणीतरी रेघ मारावी.

"गेलतो, साहेब," विश्वनाथ शेवटी म्हणाला. "दार उघडलं त्याच दिवशी गेलतो. सोळा वर्सं झाले, हे रोज मले थेच आइकवून राहिली. नाई कसं म्हनू गा?"

मदतनीस मास्तर फसकन हसले आणि लगेच गप्प झाले. ओमप्रकाशजींच्याही मिशा हलल्या. त्यांनी बोटांवर मोजलं. मांडव सव्वीस डिसेंबरला उघडला, बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे जन्म पंधरा डिसेंबर १९२०. मनकर्णा सोळा वर्षं आणि चार महिन्यांची होती. तिच्या आईला तारीख पहिल्यापासून अचूक माहीत होती. ती फक्त आकड्यांत नव्हती.

गोपाळरावांनी लाल शाईची दौत काढली. ती वीस वर्षांत उघडलीच नव्हती, शाई वाळून गेली होती. पाणी घालून ती कालवावी लागली. मग त्यांनी टाक बुडवला, काठाला निथळून घेतला आणि "१ जुलै १९२२" वरून एक रेघ मारली. वर लाल अक्षरांत खरी तारीख लिहिली. सही केली आणि सहीच्या वर, कोणी न सांगता, दोन शब्द लिहिले: चूक माझी.

ओमप्रकाशजींनी सही करण्यापूर्वी माझी पानं मागे-पुढे चाळली. सगळीकडे एक जुलै, एक जुलै.

"मास्टरजी, यातल्या किती तारखा कानावरून आहेत?"

"जवळजवळ सगळ्याच," गोपाळराव म्हणाले.

ओमप्रकाशजींनी सही केली. पण ते कर्तव्याला चुकणारे नव्हते. जाताना शेरेबुकात त्यांनी लिहिलं: "शिकवणे उत्तम. वयाच्या नोंदी भरवशाच्या नाहीत." गोपाळरावांच्या नोकरीतला तो शेवटचा शेरा होता. शेरेबुकालाही त्या दिवशी फुगावंसं वाटलं नाही.

महिनाअखेर गोपाळराव गेले. निरोपाला मुलांनी झेंडूचा हार घातला. कपाटाची किल्ली देताना ते नव्या मास्तरांना म्हणाले, "रजिस्टर जपा. आणि आया काय सांगतात ते ऐकून घ्या." नव्या मास्तरांनी मान हलवली. जुलैत मनकर्णा नॉर्मल स्कूलात गेली, ही बातमी मला विश्वनाथाकडून कळली. तो दुसऱ्या मुलाला दाखल करायला आला होता आणि कारण नसताना तीन वेळा सांगून गेला.

त्यानंतर माझी पानं भरली. नवं रजिस्टर आलं, निळ्या पुठ्ठ्याचं, आणि मी खालच्या फळीवर गेलो. मित्रांनो, निरुपयोगी होणं एकदम होत नाही. आधी कोणी महिन्यातून एकदा उघडतं, मग वर्षातून एकदा. मग कपाटाचा एक पाय मोडला तेव्हा मला त्याखाली सरकवलं. दोन पावसाळे मी कपाट डोक्यावर घेऊन काढले. वाळवी आली ती तेव्हाच. सत्तावीस "मयत" असलेलं पान तिनं सोडलं, याचं मला बरं वाटतं. त्या मुलांची नावं आता दुसरीकडे कुठेही लिहिलेली नसावीत.

मग एक दिवस कपाट उचललं गेलं. कोणीतरी मला बाहेर काढलं, पदरानं पुसलं आणि पान उघडायच्या आधीच विचारलं, "हे कोणी ठेवलं याच्याखाली?" उजवा हात कोपरात पुरता वाकत नव्हता. मनकर्णाबाई आमच्या शाळेच्या मोठ्या बाई होऊन आल्या होत्या.

त्यांनी माझ्या पाठीला चिकटपट्टी लावली, कडुनिंबाची पानं पानोपानी घातली आणि मला टेबलावर नव्या रजिस्टराच्या शेजारी ठेवलं. आता माझ्यात काही लिहीत नाहीत. पण दाखल्यांच्या दिवसांत मी तिथेच असतो. बाई आईला आधी खाली टाटपट्टीवर बसवतात, पाणी देतात आणि मग विचारतात, "त्या दिवशी काय चाललं होतं वं गावात?" आई बोलत जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नाल्याला पूर आला तेव्हा, मामाच्या लग्नात. बाई पंचांग उघडतात, बोटांवर मोजतात आणि खरी तारीख लिहितात. एका मुलाला कधी अर्धा तासही लागतो. बाहेर रांग खोळंबते, मदतनीस मास्तर घड्याळ पाहतात, पण बाई घाई करत नाहीत.

यंदाच्या, १९४७ च्या जुलैतली गोष्ट आहे. एक लहानशी मुलगी आजोबांबरोबर आली. तिला घरून शिकवून पाठवलं असावं, कारण कोणी काही विचारायच्या आत ती खोलीच्या मधोमध जाऊन ताठ उभी राहिली आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन कान शोधू लागली. पोचत नव्हता. तिनं ओठ दाबून धरले आणि मान तिरकी केली.

बाई खुर्चीतून उठल्या. आपल्या न वाकणाऱ्या हातानं त्यांनी तिचा हात हळूच खाली आणला.

"हात खाली घे वं बाई," त्या म्हणाल्या. "आबाजी सांगन मले. तू बस."

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या कागदांना जपा, आम्हाला ओलीत ठेवू नका, आमच्यावर कपाटं ठेवू नका. पण त्याहून अधिक सांगायचं ते हे, की कोणाबद्दल काही लिहायची वेळ तुमच्यावर आली, तर टाक बुडवण्याआधी त्या माणसाला बोलू द्या. तुम्हीही उद्या मास्तर व्हाल, कारकून व्हाल, डिपुटी व्हाल. तुमचं अक्षर सुंदर असेल. माझ्यातलंही फार सुंदर होतं. माझ्या दोनशे पानांत खोडलेली ओळ एकच आहे, आणि खात्रीनं खरी म्हणून मी सांगू शकतो तीही तेवढीच एक.